विसळणं वेगळं, घासणं वेगळं

(इंझोरी येथे प्रभागातील बचत गटांच्या सभेत 'पाणी आणि आरोग्य' या विषयावर झालेलं भाषण. ज्या ताई येऊ शकल्या नाहीत त्यांनी मागणी केली, म्हणून पूर्ण छापत आहोत.)



विषयपत्रिकेवर 'पाणी आणि आरोग्य' असं लिहिलंय. ते वाचून काही जणी मनात म्हणाल्या असतील, आता ही बाई पुन्हा तेच सांगणार, पाणी उकळा, हात धुवा. ते सांगणार आहेच, पण शेवटी. आधी एक काम देते. आज घरी गेल्यावर प्यायच्या पाण्याचा गुंड रिकामा करा, हात धुवा आणि आतल्या भिंतीवरून बोटं फिरवा. गळ्याच्या आत, बुडाशी, जिथे रोज हात जात नाही तिथे. बोट सरकलं, बुळबुळ लागली, तर समजा की तिथे कोणीतरी राहायला आलंय.

मागे एका तांड्यावर हे सांगितलं तर एक मावशी रागावली. म्हणाली, "बाई, रोज तर इसळतो ना आम्ही गुंड!" मावशीचं खरं होतं. रोज विसळतच होती. पण विसळणं वेगळं आणि घासणं वेगळं. आजच्या भाषणात एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

यात बचत गटाचा काय संबंध? तुमच्या गटाचं अंतर्गत कर्जाचं रजिस्टर काढून पाहा. बियाण्यासाठी किती, शिक्षणासाठी किती आणि 'आजारपण' या कारणासाठी किती, ते मोजा. पोराला हगवण लागली, सलाईन लावलं, दोन दिवसांची मजुरी बुडाली. गाईला दगडी झाली, दूध आटलं. सासूच्या पायाची जखम भरेना. असं एकेक कर्ज त्या रजिस्टरमध्ये दिसेल. त्यातला काही पैसा या बुळबुळीनेच नेलेला असतो.

ही बुळबुळ म्हणजे काय?

शास्त्राच्या भाषेत हिला बायोफिल्म म्हणतात. सोपं सांगायचं तर जंतूंची वस्ती. जंतू इतका बारीक असतो की आपल्या एका केसाच्या जाडीत पन्नासेक जंतू ओळीने बसतील. आपल्याला वाटतं, जंतू पाण्यात सुटेसुटे पोहत असतात. काही पोहतात, पण बहुतेकांना पोहण्यापेक्षा चिकटून राहणं आवडतं. १९७८ साली कॅनडातले शास्त्रज्ञ विल्यम कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच लिहिलं. डोंगरातल्या ओढ्यात वाहत्या पाण्यात जंतू थोडे, पण त्याच ओढ्यातल्या दगडांवर मात्र कितीतरी पटींनी जास्त. नदीतला दगड निसरडा का असतो, त्याचं हे उत्तर.

आता ही वस्ती कशी बसते ते बघा. गुंडात पाणी भरलं की काही मिनिटांतच थोडे जंतू भिंतीला टेकतात. या वेळी ते हलकेच टेकलेले असतात, विसळलं की निघून जातात. पण त्यांना सवड मिळाली तर ते अंगातून चिकट रस सोडतात आणि स्वतःला भिंतीला डिंकासारखं चिकटवून घेतात. मग एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. खायला-प्यायला भरपूर असेल तर काही जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या चिकट रसाचं घर तयार होतं, त्यात पाणी आणि अन्न आत येण्यासाठी बारीक वाटा राहतात. थर जाड झाला की वरचे काही जंतू सुटतात आणि पाण्यात मिसळून नवी जागा शोधायला निघतात. म्हणजे आपण ग्लास भरतो तेव्हा ही सुटलेली मंडळी ग्लासात येतात.

यातली एक गोष्ट ऐकून तुम्हाला हसू येईल. आपल्या सभेत कोरम पूर्ण झाल्याशिवाय ठराव होत नाही ना? जंतूंचंही तसंच आहे. प्रत्येक जंतू एक रसायन थोडं थोडं बाहेर सोडत राहतो. आजूबाजूला ते रसायन पुरेसं साचलं, की त्यांना कळतं, आपण आता पुष्कळ जण जमलो. मग सगळे एकदम कामाला लागतात. कोणी चिकट रस सोडतं, कोणी विष तयार करतं. शास्त्रज्ञांनी या प्रकाराला नावच कोरमवरून दिलंय. एकटी बाई सावकाराकडे गेली तर तिचं कोणी ऐकत नाही, दहा जणी मिळून बँकेत गेल्या तर मॅनेजर खुर्ची देतो. एकीचं बळ आपल्याला माहीत आहे. दुर्दैवाने ते जंतूंनाही माहीत आहे. म्हणून त्यांचा कोरम पूर्ण होण्याच्या आधीच सभा उधळायची, हे आपलं काम.

औषध का लागू पडत नाही?

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात अँटनी व्हान लेव्हेनहूक नावाचे एक कापड व्यापारी होते. कापडाचे धागे बघायला भिंग लागतं. त्यांना भिंगं घासायचा नाद लागला आणि त्यांनी स्वतःच सूक्ष्मदर्शक बनवले. १६८३ च्या सुमारास त्यांनी आपल्या दातांवरचा पांढरा मळ काढून भिंगाखाली धरला, तर त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. त्यांनी व्हिनेगरने, म्हणजे आंबट सिरक्याने, दात धुवून पाहिले. तेव्हा त्यांना दिसलं की मळाच्या बाहेरच्या बाजूचे तेवढे मेले, आतले जसेच्या तसे जिवंत. बायोफिल्म हा शब्दही नव्हता तेव्हा, पण या व्यापाऱ्याने नेमकी गोष्ट पकडली होती.

आतले का वाचतात, त्याची तीन कारणं.

पहिलं, बाहेरचा चिकट थर औषध अडवतो. पाण्यातली टी.सी.एल. पावडर म्हणजे क्लोरीन. ते थराशी भिडतं आणि तिथेच खर्ची पडतं, आतपर्यंत पोचतच नाही.

दुसरं, आतल्या जंतूंना अन्न कमी मिळतं म्हणून ते सुस्त पडलेले असतात, जवळजवळ झोपलेले. बरीचशी प्रतिजैविकं, ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो, वाढणाऱ्या जंतूंवर काम करतात. जो वाढतच नाही त्याच्यावर औषधाचा घाव बसत नाही. औषध थांबलं की हे झोपलेले उठतात आणि वस्ती पुन्हा भरते.

तिसरं, दाटीवाटीने राहिल्यामुळे जंतू एकमेकांना औषधाला तोंड देण्याचे गुण देतात. शेजारीण भाजीची रीत देते ना, तसं. एकाला युक्ती सापडली की ती दुसऱ्याकडे जाते.

म्हणून सुटा जंतू ज्या औषधाने मरतो, तोच जंतू वस्तीत असला तर कधी कधी शेकडो पट औषधालाही दाद देत नाही. एवढं औषध माणसाला देताच येत नाही. मग उपाय एकच उरतो. आधी थर मोडा, मग औषध द्या. गुंडाला हाच नियम, गावच्या टाकीला हाच, दुधाच्या कॅनला हाच आणि डॉक्टरांच्या हातात जखमेलाही हाच.

टाकी, गुंड आणि पाण्याचा जार

जुलै २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीचं पाणी प्यायल्याने कॉलऱ्याची साथ आली. माणसं दगावली. हे जुन्या काळातलं नाही, आत्ता आत्ताचं आहे. आणि फक्त जंगलातल्या गावातच होतं असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गुइलेन बॅरे नावाच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली शक्ती जाते असा हा आजार. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा पोटाचा जंतू सापडला आणि पाण्यात क्लोरीन आहे की नाही याची घरोघर तपासणी सुरू झाली. मोठ्या शहराचं हे, तर आपण किती जपायला हवं!

आपल्या गावच्या टाकीचा विचार करा. जलसुरक्षक टी.सी.एल. टाकतो. पण टाकी वर्षभर आतून घासली नसेल तर तळाला गाळ आणि भिंतीला थर असतो. टाकलेली पावडर त्या थरावरच खपते आणि शेवटच्या नळाला पाणी पोचेपर्यंत क्लोरीन उरत नाही. ओ.टी. चाचणीत पाणी पिवळं होत नाही. मग म्हणतात पावडर खराब होती. पावडरही खराब असू शकते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं, पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं. पण दोन्ही बाजू तपासायला हव्यात, पावडरही आणि टाकीही. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत असलं पाहिजे.

आता घरातलं. स्टीलचा किंवा तांब्याचा गुंड असेल तर राख, चिंच, काथ्या, जे वापरता ते वापरून आतून घासा. गळ्याच्या आतली बाजू सोडू नका. तांब्याचा गुण चांगला आहे, पण त्यावर थर बसला तर पाणी तांब्याला शिवतच नाही. मातीचा माठ असेल तर साबण नको, साबण माती शोषून घेते. काथ्याने किंवा ब्रशने घासायचा, भरपूर पाण्याने धुवायचा आणि कडक उन्हात पालथा घालून पूर्ण वाळवायचा. वाळणं फार महत्त्वाचं, ओल असेपर्यंत वस्ती जगते. प्लास्टिकच्या ड्रमला तारेची घासणी लावू नका. ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत जंतू लपून बसतात. तिथे मऊ ब्रश किंवा कापड वापरा. आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. बोटं बुडवून ग्लास भरला की आपणच नवे राहिवासी नेऊन सोडतो.

थंड पाण्याच्या जारबद्दल बरेच जण विचारतात. लग्नाला, बारशाला, आपल्या सभेलाही जार येतात. आर.ओ.चं पाणी म्हणजे चांगलंच, असं वाटतं. मशीनमधून निघताना ते स्वच्छ असू शकतं. पण आर.ओ.मध्ये क्लोरीनही निघून जातं. म्हणजे पुढे जारमध्ये त्या पाण्याचा राखणदार कोणी नाही. जार न घासता नुसता पुन्हा भरला, तोटी कधी उघडून धुतली नाही, तर स्वच्छ पाणी घाणेरड्या घरात गेलं. जार घेताना आत टॉर्च मारून बघा, तोटीच्या आत बोट फिरवून बघा. पैसे आपण देतो, विचारायचा हक्क आहे.

जुन्या साडीची गोष्ट

कॉलऱ्याचा जंतू तळ्या-विहिरींत नुसता सुटा फिरत नाही. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक किडे असतात, त्यांच्या अंगावर तो थर करून राहतो. अमेरिकेतल्या रीटा कोलवेल आणि मूळ बांगलादेशचे अन्वर हक या शास्त्रज्ञांनी विचार केला, जंतू गाळता येत नसेल, पण त्याचं वाहन तर गाळता येईल! बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांच्या अभ्यासात त्यांनी काही गावांतल्या बायांना जुनी सुती साडी किमान चार वेळा दुमडून तिच्यातून पाणी गाळायला सांगितलं. जुनी साडीच चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. २००३ साली निकाल छापून आला. साडीतून गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. मोठं यंत्र नाही, विजेचं बिल नाही, पेटीतली जुनी साडी.

पण नीट ऐका. साडी किडे आणि गाळ अडवते, सुटे जंतू अडवत नाही. म्हणून गाळल्यावर पाणी उकळायचं किंवा मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबायचं. आधी गाळलं तर औषधाचंही काम सोपं होतं. आणि गाळायचं कापड रोज धुवून उन्हात वाळवा. ओलं गोळा करून ठेवलेलं कापड म्हणजे नवी वस्ती.

गोठ्यात आणि घरात

दूध घालणाऱ्या बहिणींसाठी. दुधाची किटली, कॅन रिकामी झाली की लगेच आधी साध्या किंवा कोमट पाण्याने खळबळा. एकदम उकळतं पाणी ओतलं तर दूध भांड्याला धरून बसतं. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ब्रशने घासा. झाकणाची रबरी कडा काढून धुवा. शेवटी पालथी घालून उन्हात वाळवा. दूध फुटतं, केंद्रावरून परत येतं, त्यामागे पुष्कळदा ती रबरी कडा असते.

गाईची दगडी, म्हणजे कासदाह, पुन्हा पुन्हा का होते, हेही आता समजेल. काही जंतू सडाच्या आत थर करून बसतात. दोन इंजेक्शनं दिली, सूज उतरली, तिसरं दिलंच नाही, तर झोपलेले जंतू उठतात. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे डोस द्या. धार काढल्यावर सड औषधी द्रावणात बुडवा आणि जनावराला चारा टाका, म्हणजे अर्धा तास ते उभं राहतं आणि सडाचं तोंड मिटेपर्यंत जमिनीवर टेकत नाही. आजारी गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध ना विकायचं, ना पोराला पाजायचं.

माणसाचंही तेच. दातांवरचा मऊ थर रोज घासून निघतो. सोडून दिला तर त्याचा दगड होतो, मग हिरड्यांतून रक्त येतं. चूळ भरणं म्हणजे विसळणं, ब्रश करणं म्हणजे घासणं. साखर असलेल्या माणसाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नसेल तर तीतही थर असू शकतो. नुसत्या गोळ्या बदलून उपयोग नाही, डॉक्टर किंवा नर्सकडून जखम साफ करून घ्यावी लागते. हे घरी करायचं नाही. हळद, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. लघवीची नळी लावलेला माणूस घरी असेल तर ती बदलायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. नळीच्या आतही थर बसतो आणि ताप येतो.

आणि गोळ्यांबद्दल एक गोष्ट. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. "पावरची गोळी द्या" असं दुकानात म्हणायचं नाही. उरलेली गोळी शेजारणीला द्यायची नाही.

सगळीच वस्ती वाईट नसते

जाता जाता एक चांगली बाजू. पेरणीच्या वेळी आपण सोयाबीनला, तुरीला रायझोबियम चोळतो. काही जणी गुळाचं पाणी वापरतात. का? तर जंतू बियाण्याला चिकटावेत म्हणून. हे जंतूही मुळांवर थर करतात, मुळांत शिरून गाठी धरतात आणि हवेतलं नत्र पिकाला देतात. म्हणून बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी आणि बी सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. गुंडाला ऊन दाखवायचं, बियाण्याला सावली. वस्ती कुठे बसू द्यायची आणि कुठून उठवायची, एवढंच शिकायचं आहे.

आता गटाने काय करायचं?

माझी चार कामं सुचवायची आहेत. पटली तर आजच ठराव लिहा.

एक, आठवड्याचा एक वार ठरवा, 'गुंड घासायचा वार'. त्या दिवशी घरातली पाण्याची सगळी भांडी घासून उन्हात. मासिक सभेत हजेरीसोबत हेही विचारा.

दोन, ग्रामसभेत विचारा, टाकी कधी धुतली? धुतल्याची तारीख टाकीवर रंगवून घ्या. आधी गाळ काढायचा, भिंती घासायच्या, मग टी.सी.एल. टाकीत कोणालाही एकट्याने उतरू देऊ नका.

तीन, पाणी तपासणीच्या पाच महिलांनी शेवटच्या नळाचं पाणी तपासून आकडा गटाच्या वहीत लिहावा. पहिल्या नळाचं नाही, शेवटच्या.

चार, पुढच्या वर्षी याच महिन्यात कर्जाचं रजिस्टर पुन्हा उघडा. आजारपणाची कर्जं किती झाली, ते यंदाच्या आकड्याशेजारी लिहा. आपण काय कमावलं, ते तिथे दिसेल.

जंतू रोज सभा भरवतात, त्यांना सुट्टी नाही. पण त्यांच्याकडे घासणी नाही, ती आपल्या हातात आहे.  आता प्रश्न विचारा आणि मग चहा घेऊ. चहाचे पेले मात्र घासून ठेवा बरं का, नुसते विसळून नको!